हिरड्याचं पाणी

जीप थांबली तेव्हा आधी उशी उतरली. गोल उशी, मधे भोक असलेली, आणि मग ताई उतरली, पाय लांब टाकत, ओठ दाबून. पोशेरा गावाच्या वर आमचा पाडा, जीप खालीच थांबते, तिथून चढण. पाड्यावरच्या बाया बघायला उभ्याच होत्या, आणि मी आपली सगळ्यांना सांगत सुटले की पोटाचं ऑपरेशन झालंय, पोटाचं, आतड्याचं. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

खरं ऑपरेशन पोटाचं नव्हतं. माझी ताई लहानपणी माझा दादा होती. ती म्हणते मी दादा कधीच नव्हते, तुम्हीच म्हणायचात, आणि ते मला आता पटतं, कारण मला वेणी घालायला आईनं नाय शिकवलं, तिनं शिकवलं. पुढं ती ठाण्याला गेली, कपडे शिवायच्या कारखान्यात लागली, डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन-दोन डॉक्टरांनी कागद दिले, कितीतरी वर्षं ती थांबली, आणि मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं. खालचं. होतं ते काढून, त्याच कातडीची बाईसारखी जागा करून दिली. ठाण्याला तिची खोली तिसऱ्या माळ्यावर आणि संडास सगळ्यांचा मिळून खाली, तिथं कसं राहणार? आई-बाप आमचे आता नाय. म्हणून माझ्याकडे आली. मुलीचा बाप वीटभट्टीच्या कामाला गेलेला, घरात मी, माझी पाच महिन्यांची मुलगी आणि माझी सासू, तिला मी आत्या म्हणते.

मी भित्री आहे. आधीपासूनच. आठवीत शाळा सुटली, मग लग्न, मग मुलगी, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की आता मी मरणार. तर अशा बाईच्या हाती ताईनं आपली जखम दिली.

पहिल्या दिवशी तिनं दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाली, "मला वाकून दिसत नाय. आरशात सगळं उलटं दिसतं. तू बघ आणि खरं खरं सांग."

मी बघितलं. मला वाटलं ह्या माणसाला कुणीतरी मारलंय. जांभळं, हिरवट, एक बाजू सुजून मोठी आणि एक बारीक, दोऱ्याची टोकं वर आलेली, आणि खाली शिवण जिथं संपते तिथं बोटाच्या पेराएवढं उकललेलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"तुझं तोंड तर मयताला आल्यासारखं झालंय," ताई म्हणाली आणि हसायला गेली, तर टाके ओढले आणि आई गं करून बसली.

हॉस्पिटलातल्या सिस्टरनं तिला नंबर दिला होता, काही वाटलं तर फोन कर म्हणून. आमच्या घरात रेंज नाय. मागच्या टेंभीवर, म्हंजे टेकाडावर, चढायचं, तिथं एक आंब्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं तर लागतो. ताईला चढवणार नव्हतं. मग मीच, मुलगी कमरेवर, फोन हातात, दिवसातून दोनदा कधी तीनदा वर. सिस्टर, सूज एका बाजूला जास्त आहे. सिस्टर, पॅडवर पिवळं येतंय, थोडं तपकिरी पण. सिस्टर, लघवी सरळ जात नाय, पायावर उडते. सिस्टर, मधेच वीज चमकल्यासारखं होतं म्हणते.

सिस्टरचा आवाज कधी चढला नाय. सूज उतरायला महिने लागतात, म्हणाली. लघवी सूज उतरली की सरळ होईल. वीज चमकते म्हणजे नसा जाग्या होतायत, चांगलं आहे. खाली उकललंय ते आतून भरत येईल, रोज स्वच्छ ठेवा. आणि ते पिवळं महिना-दोन महिने जाणारच. "तू बाळंत झालीस तेव्हा तुझं नाही का गेलं किती दिवस? तसंच समज."

तीन गोष्टी मात्र तिनं माझ्याकडून म्हणवून घेतल्या, शाळेत पाढे घेतात तशा. ताप आला तर. घाण वास सुटला तर. कातडी काळी पडली तर. ह्यातलं काही झालं तर फोन करत बसायचं नाय, उचलायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं.

मी उतरताना म्हणतच उतरले. ताप, वास, काळं. ताप, वास, काळं.

आत्या अंगणात नागली पाखडत होती. तिला ताईचं ऑपरेशन कसलं ते माहीत होतं, मीच सांगितलं होतं, घाबरत. ती तेव्हा नुसती "बरं" म्हणाली होती. मला त्या "बरं"चीच भीती वाटत होती. आता तिनं विचारलं, "काय म्हणतं हॉस्पिटल?"

"म्हणतं, बाळंतिणीसारखंच समजा."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "मग हे आधी का नाय सांगलंस? मी म्हणतंय ऑपरेशनवाली, मोठ्या डॉक्टरची, आपण हात कसा लावायचा. बाळंतीण तर बाळंतीण! त्या मला येतात."

त्या दिवसापासून आत्यानं ताईला ताब्यात घेतलं. डोक्याला फडकं बांधलं, कानात वारा जाऊ नये म्हणून. नागलीची पेज, वरून तूप. ताई म्हणाली, "आत्या, मला पोर नाय झालेलं." आत्या म्हणाली, "पोर नसंल, पण शिवण आहा ना? गप पेज पी."

ताई पेज प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. मला वाटलं दुखतंय. ती म्हणाली, "दुखत नाय गं. माझ्या डोक्याला असं फडकं कुणी बांधेल असं मला कधी वाटलंच नव्हतं."

सिस्टरनं कोमट पाण्यात बसायला सांगितलं होतं. ते ऐकून आत्या म्हणाली, नुसत्या पाण्यात बसून काय होतंय, हिरडा पायजे. मी बाळंत झाले तेव्हा मलाही तिनं हिरड्याच्या पाण्यात बसवलं होतं. सुकलेले हिरडे ठेचायचे, पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचे. हिरडा सगळं आवळून घेतो, शिवण मिटते, बाई परत घट्ट होते. माझ्या वेळेला जर्मनच्या, म्हंजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात उकळले होते. पण आता त्या पातेल्यात मी मुलीचे लंगोट आणि ताईची कांडी उकळत होते, म्हणून आत्यानं लग्नाकार्याची लोखंडी कढई काढली.

कांडी म्हणजे हॉस्पिटलनं दिलेला गुळगुळीत दांडा. ताई त्याला डायलेटर म्हणते, आत्या कांडी म्हणते, मग आम्ही पण कांडीच म्हणायला लागलो. दिवसातून तीनदा तो जेल लावून आत घालून पडून राहायचं, कारण ती जागा नवी आहे, शरीराला वाटतं ही जखमच आहे, ती मिटवायला बघतं. मिटू द्यायची नाय. एवढं मला माहीत होतं. ताईनं मला नीट समजावलेलं होतं. आणि तरीसुद्धा मीच ते पाणी घमेल्यात ओतलं, मीच तिला बसवलं, मीच त्यात फडकं बुडवून पिळून पिळून शिवणीवर धरलं, दोन दिवस, दिवसातून दोनदा. पाणी दाट दिसत होतं, बिनदुधाच्या चहासारखं. एक आवळायचं औषध आणि एक उघडं ठेवायची कांडी, हे दोन्ही एकत्र कसं चालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाय. आत्या करतेय, मायेनं करतेय, ह्यातच मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी कांडी जाईना. ताईला घाम फुटला. "कोरडं वाटतंय. ओढल्यासारखं." मी म्हणाले, थोडं थांबून कर. मला काय माहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पॅड बदलायला बसले, आणि पॅड काळं. रक्ताचं काळं नाय, राखेसारखं, करडं-काळं. मी वर बघितलं तर शिवणीच्या दोन्ही कडा काळ्या. उकललेलं होतं तिथली कातडी काळी.

ताप, वास, काळं.

माझा श्वास ऐकून ताई म्हणाली, "काय आहे? सांग. काय आहे?"

"काळं," मी म्हणाले.

ती उताणी पडली होती, तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

टेंभीवर मी कशी गेले आठवत नाय. मुलगी कमरेवर रडतेय, माझा पदर कुठं, फोन काढला तर त्यावर घाम. सिस्टरला म्हणाले काळं झालंय. तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. ताप आहे? नाय. वास? नाय, म्हंजे कसलातरी आहे, झाडपाल्यासारखा. दुखतंय? ओढतंय म्हणते. फोटो पाठव. फोटो जात नाय, सिस्टर, नुसतं गोल गोल फिरतंय. मग तिनं विचारलं, "काही लावलंत का? काही घातलंत पाण्यात? गावठी काही?"

आणि मी म्हणाले, "नाय."

का म्हणाले? मला वाटलं ती ओरडेल. मला वाटलं ती आत्याला अडाणी म्हणेल. इतक्या वर्षांनी कुणीतरी ताईच्या डोक्याला फडकं बांधलं आणि ते माणूस आता फोनवर शिव्या खाणार. असं सगळं नीट वाटलं नव्हतं तेव्हा. तेव्हा नुसतं तोंडातून नाय गेलं.

"मग थांबू नका," सिस्टर म्हणाली. "जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि तिथल्या डॉक्टरला मला फोन करायला सांगा."

जव्हारला जायची जीप खालून निघतच होती. ताईला उशीवर बसवलं, बाजूला मी, मांडीवर मुलगी. आत्या चढण उतरून खालपर्यंत आली, धापा टाकत, आणि माझ्या हातात फडक्याची पुरचुंडी दिली, ठेचलेल्या हिरड्याची. "तिथं गरम पाणी मिळालं तर बसव तिला. खाडा नको."

ती मी घेतली.

जीपमधे आमच्या समोर एक म्हातारी बाई बसली होती, पायाशी टोपलीत दोन कोंबड्या बांधून. रस्ता कसा आहे सगळ्यांना ठाऊक आहे, प्रत्येक खड्ड्याला ताई माझा दंड आवळायची. हळूच माझ्या कानात म्हणाली, "काळं झालं की ते कापून टाकतात. मेलेलं असतं ते."

"नाय गं."

"सिस्टर बोललीय मला. आणि कापलं की मग कातडी कुठून आणणार? एकदाच होतं हे." थोड्या वेळानं म्हणाली, "वीस दिवस तरी मिळाले मला."

मुलगी रडायला लागली म्हणून मी तिला पदराखाली घेतली. तिचं टोपडं पांढरं होतं, माझा हात त्यावर. समोरच्या बाईनं माझ्या हाताकडे बघितलं आणि हसली.

"काय गं बाय, केस काळे केलेस का काय? एवढ्या तरण्या वयात?"

मी म्हणाले, "काय?"

"नखं बघ तुझी."

मी बघितली. माझी नखं काळी होती. नखांच्या कडा, बोटांची टोकं, पेरांच्या रेषा, सगळं करडं-काळं. मुलीला धुताना, भाकरी थापताना, दोन दिवस ती बोटं माझ्या डोळ्यासमोर होती आणि मला वाटलं चुलीची काजळी असेल.

"हिरडा फोडत होतीस का लोखंडानं?" बाईनं पुरचुंडीकडे बोट दाखवलं. "वास येतोय. आमच्याकडे विळ्यानं फोडला की हात असेच होतात. शाई करायचे म्हणे त्याची पूर्वी. आठ-पंधरा दिवस जात नाय."

ताईनं माझा हात ओढून घेतला. नखांकडे बघितलं, पुरचुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कढई," ती म्हणाली.

"लोखंडी," मी म्हणाले.

"आणि सिस्टरनं विचारलं तेव्हा?"

"नाय म्हणाले," मी म्हणाले. ताईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवला तरी मी हात मागे घेते. मग ती रडायला लागली आणि हसायला लागली, दोन्ही, आणि टाके ओढले म्हणून आई गं, आई गं. समोरची बाई म्हणाली, "हिला काय झालं?" मी म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन."

तरी आम्ही परत फिरलो नाय. काळं ते काळं, खात्री कोण देणार?

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होती, तरुण. ताईनं स्वतःच सगळं सांगितलं, कागद दाखवला. मी दारात, मुलीला हलवत, आता ही काय बोलेल म्हणून अंग चोरून उभी. डॉक्टर म्हणाली, "असं ऑपरेशन मी आजवर प्रत्यक्ष बघितलेलं नाही. पण जखम मला कळते. बघू?" बघू का असं तिनं विचारलं. मग तिनं ओल्या कापसानं पुसलं. कापूस करडा झाला. दुसरा घेतला, तो कमी करडा. तिसरा. आणि मग ती म्हणाली, "इकडे या, तुम्ही पण बघा."

खाली गुलाबी होतं. शिवणीच्या कडेला रंग चिकटून होता अजून, पण उकललेल्या जागेत आत गुलाबी, ओलं, दाणेदार.

"हे मेलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "हे भरत आलंय. तळातून भरतं असं. दाबलं तर कळतंय ना?"

"कळतंय," ताई म्हणाली. "चांगलंच कळतंय."

डॉक्टरनं तिथून सिस्टरला फोन लावला, दोघी बराच वेळ बोलल्या, मग फोन माझ्याकडे दिला. मी आधीच सांगून टाकलं, एका दमात: सिस्टर हिरडा घातला होता, लोखंडी कढईत, दोन दिवस, मीच ओतला, मी खोटं बोलले. सिस्टर म्हणाली, "रंगानं काही बिघडत नाही. पण तू खोटं बोललीस आणि मी इथं ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना उठवून बसवलं, ते? उद्या खरंच काळं झालं असतं तर मी कशावर विश्वास ठेवायचा?" मला रडू आलं. "रडू नको. ऐक. हिरडा आवळतो, कोरडं करतो. बाळंतिणीचं मिटवायचं असतं. हिचं उघडं ठेवायचंय. साधं पाणी. साधं म्हणजे साधं. आणि कांडी चुकवायची नाही." तिला पण कांडी शब्द कुठून कळला कोण जाणे, ताईनं डॉक्टरला सांगितला असणार आणि डॉक्टरनं तिला.

डॉक्टरनं तपासून सांगितलं की ताप नाय, वास नाय, जेल जास्त लावा, थोडं रक्त लागलं तरी घाबरू नका, पॅड भिजायला लागलं तर मात्र या. पुरचुंडी मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर विसरले. मुद्दाम विसरले.

येताना जीपमधे मला एकच काळजी, आत्याला सांगायचं कसं. ताई म्हणाली, "मी सांगते." मी म्हणाले नको, मीच.

आत्या दारातच बसून होती. ताई स्वतःच्या पायानं चढण चढून आली, थांबत थांबत, ते बघून तिचा जीव भांड्यात पडला. मी सगळं सांगितलं. माझी नखं दाखवली. आत्यानं आपले हात बघितले, तिची बोटं तर तळव्यापर्यंत काळी होती.

"म्हंजे मी मिटवत होतंय," ती म्हणाली. "पोरीचं नवं घर, आणि मी दार लावत होतंय."

"आत्या, तुम्ही मायेनं केलंत," ताई म्हणाली.

"माया काय चाटायची आहा?" आत्या उठून आत गेली. कढई आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं झालं, आता ही बोलणार नाय, आता ताईला राहणं अवघड. ताई पण खालमानेनं उशीवर बसली.

आत्या बाहेर आली ती जर्मनचं पातेलं घेऊन. ताईसमोर ठेवलं. "हे आता हिचं. पोरीचे लंगोट कढईत उकळ, काळे झाले तर झाले." मग ताईकडे वळली. "ती कांडी दिवसातून किती वेळा म्हणतस?"

"तीनदा."

"कधी कधी?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"अशानं चुकतं. मोबाईलवर घंटा लावतात त्यानं पण चुकतं, बघलंय मी." आत्या खालच्या वळणाकडे बघत विचार करत राहिली. "सकाळची एसटी वळणावर वाजते. तेव्हा एक. दुपारी परतीची वाजते, तेव्हा दोन. संध्याकाळी शेरडं परत येतात तेव्हा तीन."

तेव्हापासून तसंच. खाली एसटीचा हॉर्न वाजला की आत्या हातातलं काम टाकून ओरडायची, "गाडी गेली! जा बाय, तुझी कांडी!" शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, कसली कांडी? आत्या म्हणाली, "पोटाची." एक दिवस एसटी आलीच नाय, बिघडली असेल, तर आत्या वळणापर्यंत जाऊन बघून आली आणि मग घाईघाईनं ओरडत चढली की गाडी बंद आहा, पण तू थांबू नको.

मी अजून रोज बघते आणि सांगते. आता खरं सांगते. सूज आज दिसण्याएवढी कमी. खालचं उकललेलं पेराएवढं होतं, मग शेंगदाण्याएवढं, मग तांदळाएवढं. लघवी अजून वाकडी जाते पण पायावर नाय उडत. एकदा तिथं लाल मऊ दाणा दिसला, मी परत टेंभीवर पळाले, सिस्टर म्हणाली हा पण भरण्याचाच एक प्रकार, वाढला तर औषध लावू. मी परत येऊन पाणी प्यायले आणि मुलीला दूध पाजलं.

माझ्या नखांचा रंग मात्र लवकर गेला नाय. बोटांचं काळं उतरलं, नखांचं राहिलं, आणि मग ते नखाबरोबर वर सरकायला लागलं, खालून नवं स्वच्छ नख येत होतं. ताई रोज माझी बोटं धरून बघायची. "माझ्यापेक्षा तुझंच हळू चाललंय," म्हणायची.

परवा अंगठ्याचं राहिलेलं काळं टोक तिनंच कापलं, कपडे शिवायच्या तिच्या छोट्या कात्रीनं, अंगणात बसून, गोल उशीशिवाय. मग पॅड बदलायचं होतं. मी बघितलं. पिवळं होतं, थोडंसं.

"काय आहे?" ताईनं विचारलं.

"पिवळं."

"मग पळ टेंभीवर."

"नाय," मी म्हणाले, आणि तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.